नेटवर्क इकॉलॉजीत पीएचडी करायची आहे? आधी माझा घोळ वाचा

दर जून-जुलैत नुकतीच एमएस्सी झालेली चार-दोन मुलं मेसेज करतात, मॅडम बायोडायव्हर्सिटी नेटवर्कवर, म्हणजे कुठली प्रजाती कुणाशी जोडलेली या जाळ्यावर, काम करायचंय, सुरुवात कुठून करू. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. नेट-सेट, प्रपोजल, आर हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर कसं चालवायचं हे तुम्हाला येतं असं धरते. आणि आधीच सांगते, मी यशस्वी लोकांच्या कॅटेगरीतली नाही. पीएचडीला साडेसहा वर्षं लागली, सध्या तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे तास नाही तर पैसे नाहीत आणि मे महिना उपवासाचा.

माझं काम साताऱ्याकडच्या एका सड्यावर. कास नाही, तिथे सप्टेंबरात फुलांपेक्षा सेल्फीवाले जास्त. सडा म्हणजे जांभा, वर बोटभर माती आणि पावसाळ्याचे तीनेक महिने फुलंच फुलं, तेरडा, गेंद, सोनकी, ती मिकी माऊससारखी दिसणारी पिवळी कवला वगैरे. कुठल्या फुलावर कोण येतं ते मोजायचं, ओळीत वनस्पती, रकान्यात कीटक, भेट झाली तर आकडा, नाही तर शून्य. झालं नेटवर्क. लिहायला दोन ओळी, पण तिथे पाऊस, वारा आणि धुकं असताना माशी उडत नाही, त्यामुळे कित्येक दिवस पाऊणएक तासच काम व्हायचं आणि उरलेला वेळ रेनकोटात कुडकुडत आपण बँकेची परीक्षा का नाही दिली याचा विचार.

आता मुद्दा. १९७२ मध्ये रॉबर्ट मे यांनी गणितानं दाखवलं की प्रजाती आणि त्यांच्यातले संबंध रँडम जोडत गेलात तर सिस्टिम जितकी गुंतागुंतीची तितकी ढासळायची शक्यता जास्त. मग खऱ्या जंगलात एवढ्या प्रजाती टिकतात कशा? यावर २००३ मध्ये बास्कोम्प्टे आणि सहकाऱ्यांनी फूल-कीटक नेटवर्कं नेस्टेड असतात असं मांडलं, म्हणजे एकात एक बसणाऱ्या पातेल्यांसारखी, मोजक्या फुलांवर जाणारा कीटक साधारण त्याच फुलांवर जातो जिथे बाकी सगळेही जातात. २००९ मध्ये बास्टोला वगैरेंचा नेचर या जर्नलमधला पेपर आला की या रचनेमुळे स्पर्धा कमी होते आणि जास्त प्रजाती एकत्र नांदतात. मी एमएस्सीला हे वाचलं आणि प्रेमातच पडले. आपल्या सड्याचं नेटवर्क नेस्टेड आहे असं दाखवायचं हे मी फिल्डवर जायच्या आधीच ठरवलं होतं. पहिली चूक तिथेच झाली, पण तेव्हा त्याला पॅशन म्हणतात.

दोन हंगामांचा डेटा झाला. नेस्टेडनेस काढला, नल मॉडेलशी ताडून पाहिला, पी व्हॅल्यू ०.००१ च्या खाली, म्हणजे असा पॅटर्न नुसत्या योगायोगानं यायची शक्यता हजारात एकाहून कमी. गाइडनी लॅबमध्ये पेढे वाटले, खोटं नाही सांगत.

आता इथे थांबते, कंटाळा आला तरी वाचा. नल मॉडेल म्हणजे तुमचं टेबल विस्कटून हजार खोटी टेबलं बनवायची आणि बघायचं, खऱ्या टेबलातला पॅटर्न नुसत्या योगायोगानं येतो का. सगळा खेळ विस्कटायचं कसं यात आहे. मी सगळ्यात ढिलं मॉडेल घेतलं होतं, भरलेल्या चौकटी किती एवढंच कायम, बाकी कुठेही काहीही. म्हणजे त्या खोट्या जगात सातेरी मधमाशी आणि दोन वर्षांत एकदाच दिसलेली गांधीलमाशी दोघींना सारखाच चान्स. खऱ्या सड्यावर असं असतं का? सातेरी सकाळपासून सगळीकडे. आणि माझ्या यादीतले जवळजवळ तिसरा हिस्सा कीटक एकदाच दिसलेले होते. एकदाच दिसलेल्या कीटकाच्या नावापुढे एकच फूल असणार ना, दुसरं येणार कुठून! आणि ते एक फूल कुठलं असणार? सोनकी, कारण सड्यावर सोनकी पसरलेली आणि मी वही घेऊन तिच्यासमोरच बसलेली.

आठवडी बाजाराचं बघा. परगावचा माणूस आयुष्यात एकदा बाजारात आला आणि तुम्हाला भज्यांच्या गाड्यावर दिसला. गर्दी तिथेच होती, तुम्हीही तिथेच उभे होता. त्यावरून हा माणूस भजी-स्पेशालिस्ट आहे आणि बाजार टिकण्यात त्याचा अमुक वाटा आहे असं लिहिलंत तर लोक हसतील. मी तेच लिहिलं, फक्त इंग्रजीत आणि ग्राफ काढून.

पेपर जर्नलला पाठवला. तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरनी चारच ओळी लिहिल्या होत्या. प्रत्येक ओळीची आणि रकान्याची बेरीज कायम ठेवून, म्हणजे कोण कॉमन आणि कोण दुर्मीळ हे न बदलता, पुन्हा टेस्ट करा. रात्री लॅपटॉपवर लावून झोपले. सकाळी पाहिलं तर माझा खरा आकडा हजार खोट्या आकड्यांच्या बरोब्बर मधोमध. इफेक्ट गायब. जे दिसत होतं ते कॉमन गोष्टी कॉमन आहेत एवढंच होतं. आणि लाज वाटायची गोष्ट पुढे आहे. २०१२ मध्येच जेम्स, पिचफोर्ड आणि प्लँक यांनी नेचरमध्येच दाखवलं होतं की एखादी प्रजाती टिकेल का हे तिचे जोडीदार किती यावरून जास्त कळतं, नेस्टेडनेसवरून नाही. २०१३ मध्ये स्टॅनिचेंको आणि मंडळींनी दाखवलं की भेटींचा जोर हिशोबात धरला की नेस्टेडनेस बराचसा विरून जातो. हे दोन्ही पेपर मी वाचले होते. सायटेशनमध्ये टाकलेही होते!

मग वाचूनही दिसलं का नाही? फेलोशिपचे चार महिने उरले होते म्हणून. गाइड म्हणाले, जुनंच मॉडेल ठेव, दुसऱ्या जर्नलला टाक, पोस्टडॉकच्या अर्जाला पेपर लागेल. आणि मी टाकला. हो, टाकला. तिथल्या रिव्ह्यूअर्सना काही दिसलं नाही, मायनर रिव्हिजन आली, म्हणजे किरकोळ दुरुस्त्या करा, आणि तीन आठवडे मी कुणाशी धड बोलत नव्हते. शेवटी मागे घेतला. शूर वगैरे नाही, भीती वाटली की उद्या कुणी माझा डेटा उघडला तर. ओपन डेटाचा हा फायदा कुणी सांगत नाही.

आता ते कडक मॉडेल म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही हां. बेरजा कायम धरल्या की त्यात लपलेली खरी बायोलॉजीही धुऊन जाते, सातेरी कॉमन का आहे हाही एक प्रश्नच आहे की. म्हणून ढिलं, मधलं, कडक अशी दोन-तीन मॉडेलं चालवा आणि सगळे निकाल छापा. आणि भेटींबरोबर फुलंही मोजा, चौरस टाकून, दर फेरीला. मी दुसऱ्या वर्षी अर्ध्यातून सुरू केलं आणि त्याचे चटके अजून बसतात. रात्रीचंही बघा. तुतारीसारखी लांब नळीची पांढरी फुलं दिवसा बघत बसलात तर शून्य भेटी येतील आणि झाड टेबलातूनच उडेल, पतंग येतात अंधार पडल्यावर.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडू आहे. आरच्या बायपार्टाईट पॅकेजमध्ये एका कमांडला नेटवर्कची डझनावारी मापं, म्हणजे इंडेक्स, येतात, मग जो चांगला आला तो पेपरात आणि त्यावर गोष्ट. करू नका. कुठला इंडेक्स आणि का, हे फिल्डवर जायच्या आधी तारखेसकट वहीत लिहा. वेब ऑफ लाइफ या ऑनलाइन डेटाबेसवरून लोकांची नेटवर्कं उतरवून सराव करायला माझी ना नाही, पण ज्यानं कधी माशीमागे चिखलात धाव घेतली नाही त्यानं सॅम्पलिंग बायसवर लेक्चर देऊ नये. हे माझं वैयक्तिक, भांडू नका.

गाइड निवडताना एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशनवरून काढलेला आकडा, बघू नका. अर्धवट सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांना फोन करा, पीएचडी झालेले गोडच बोलतात. पहिल्या भेटीत एकच विचारा, निगेटिव्ह रिझल्ट आला तर काय करू? उत्तर द्यायला ते किती थांबतात ते बघा. माझे गाइड वाईट माणूस नव्हते, त्यांचंही प्रमोशन पेपरांच्या पॉइंटवर अडकलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

पैशाचं थोडक्यात. जानेवारी २०२३ पासून महिन्याची फेलोशिप जेआरएफला (सुरुवातीची) ३७,००० आणि एसआरएफला (नंतरची) ४२,००० आहे, कागदावर. माझी एकदा सात महिने अडकली होती, तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय फिल्ड सुरू करू नका, घरून मागायची लाज सोडा. थिसिसआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती यूजीसीनं नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढली, तरी तुम्हाला कुणी ना कुणी मागेलच, आणि मग व्हॉट्सॲपवर येईल, दोन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेटसह. ब्लॉक करा. एक असा पेपर सीव्हीवर चिकटला की निघत नाही.

घाबरवतेय असं वाटलं तर तसं नाही, खरंच नाही. ढग फाटतात, ऊन पडतं आणि पाच मिनिटांत अख्खा सडा गुणगुणायला लागतो, त्याची सर कशाला नाही. माझा पेपर शेवटी छापून आला, छोट्या जर्नलात, आमच्या सड्यावर नेस्टेडनेस मुख्यतः कॉमन-दुर्मीळच्या फरकातून येतो अशा रडक्या टायटलचा. आतापर्यंत नऊ सायटेशन, त्यातली दोन माझीच. पण गेल्या वर्षी एका अनोळखी मुलीची ईमेल आली, तुमचा डेटा वापरू का, आणि तिनं फुलांच्या मोजणीचं ते अर्धवट शीट नीट वाचलं होतं.

बाकी कीटकांची ओळख पटवणारा माणूस आधी शोधा. फुलमाशा फोटोवरून ओळखायच्या भानगडीत पडू नका, माझ्याकडे अजून 'काळी बारीक माशी ३' आहे आणि ती एक प्रजाती आहे की चार, देव जाणे. आणि वहीत पेन्सिलनेच लिहा, जेल पेननं लिहिलेला माझा पहिला ऑगस्ट अख्खा वाहून गेला.