वायर्ड रिमोटने शटर कसे चालवावे

कॅमेरा ट्रायपॉडवर कितीही पक्का बसवला, तरी शटरचे बटण बोटाने दाबताना त्याला हलका हिसका बसतोच. सेकंदाच्या पंधराव्या भागापासून एक-दोन सेकंदांपर्यंतच्या शटर स्पीडला, म्हणजे शटर उघडे राहण्याच्या वेळेला, हा हिसका छायाचित्रात हमखास उतरतो. पावसाळ्यात नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील सोमेश्वरच्या धबधब्याचे पाणी दुधासारखे दिसावे म्हणून जी शटर स्पीड ठेवावी लागते, ती नेमकी याच टप्प्यात येते. यावरचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे वायर्ड रिमोट, म्हणजेच तारेने कॅमेऱ्याला जोडायचे शटरचे बटण.

साध्या रिमोटमध्ये बॅटरी नसते, सर्किटही नसते. दोन स्विच आणि तीन तारा एवढाच त्याचा पसारा असतो. एक तार सामाईक असते, दुसरी फोकसची आणि तिसरी शटरची. बटण अर्धे दाबले की फोकसची तार सामाईक तारेला जोडली जाते आणि कॅमेरा फोकस घेतो; पूर्ण दाबले की शटरची तारही जोडली जाते आणि छायाचित्र निघते. कॅमेऱ्यावरचे बटणही हेच काम करत असल्याने रिमोट म्हणजे त्या बटणाला लावलेली लांब शेपटीच होय.

खरेदीपूर्वी कॅमेऱ्याच्या बाजूचे रबरी झाकण उघडून सॉकेट पाहावे, कारण एकाच कंपनीतही सॉकेट बदलते. कॅननच्या ईओएस आर या कॅमेऱ्याला २.५ मिलिमीटरचा जॅक लागतो, तर ईओएस आर५ला तीन पिनांचा एन३ प्लग लागतो. निकॉनच्या डी७५० आणि डी५६०० यांना निकॉनचा एमसी-डीसी२ हा रिमोट चालतो. हेडफोनचा ३.५ मिलिमीटरचा जॅक २.५च्या सॉकेटात बसत नाही, तेव्हा जोर करू नये.

रिमोट बिघडला आहे की कॅमेरा, हे घरच्या घरी ठरवता येते. कॅननच्या २.५ मिलिमीटर जॅकवर दोन काळ्या कड्यांनी वेगळे केलेले धातूचे तीन भाग दिसतात: टोक शटरचे, मधला भाग फोकसचा आणि तळचा सामाईक. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (तार जोडलेली असल्यास आवाज देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून एक प्रोब तळाला आणि दुसरा मधल्या भागाला लावावा. बटण अर्धे दाबल्यावर आवाज यायला हवा. पूर्ण दाबल्यावर टोकाशीही तसाच आवाज यायला हवा. वायर हलवल्यावर आवाज तुटत असेल, तर दोष बहुधा जॅकच्या मानेपाशी असतो.

वापरताना सर्वाधिक अडचण फोकसमुळे येते. अंधारात फोकस न मिळाल्यास अनेक कॅमेरे शटर सोडतच नाहीत आणि दोष मात्र बिचाऱ्या रिमोटवर येतो. म्हणून फोकस एकदा घेऊन लेन्स मॅन्युअलवर टाकावी आणि ट्रायपॉडवर लेन्सचे स्टॅबिलायझेशन (हिसका कमी करणारी यंत्रणा) शक्यतो बंद ठेवावे. लोंबती वायर वाऱ्याने हलून ट्रायपॉडला धक्के देते, त्यामुळे ती वेल्क्रोने पायाला बांधावी. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असल्यास मिरर लॉक-अप सुरू करावे. त्यात पहिल्या दाबाला आरसा वर जातो आणि थोडे थांबून दिलेल्या दुसऱ्या दाबाला शटर उघडते.

बहुतेक कॅमेऱ्यांवर ठरावीक शटर स्पीड ३० सेकंदांपर्यंतच मिळते. त्यापुढे बटण दाबलेले असेपर्यंत शटर उघडे ठेवणारा बल्ब मोड लागतो आणि रिमोटवरील सरकते लॉक तिथेच कामाला येते, कारण बटण तेवढा वेळ बोटाने धरून ठेवण्याची गरज राहत नाही. गंगापूर धरणाच्या परिसरातून ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या असतील, तर मात्र एकच प्रदीर्घ एक्स्पोजर देण्यापेक्षा ३० सेकंदांची शटर स्पीड आणि सलग छायाचित्रांचा मोड ठेवून बटण लॉक करावे, म्हणजे कॅमेरा एकापाठोपाठ एक छायाचित्रे काढत राहतो आणि ती नंतर संगणकावर एकत्र करता येतात. या वेळी लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके कॅमेऱ्यातच कमी करणारी सोय) बंद असावे. नाहीतर प्रत्येक छायाचित्रानंतर कॅमेरा जवळजवळ तेवढाच वेळ थांबतो आणि रेषांमध्ये खंड पडतात. काम संपल्यावर आधी लॉक मागे सरकवावे आणि मगच कॅमेरा बंद करावा, कारण लॉक तसेच राहिल्यास पुढच्या वेळी कॅमेरा सुरू करताच शटर चालू लागण्याची शक्यता असते.