मॅक्रो, बुकमार्कलेट आणि आपोआप जाणारे मेल: छोट्या स्क्रिप्ट लावताना या चुका टाळा

महिन्याचा पहिला आठवडा. मुंबईतल्या कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या ऑफिसात तेच चक्र सुरू असतं: मेंटेनन्सची शीट भरा, बिलं काढा, मेल पाठवा, मग थकबाकीवाल्यांच्या मागे लागा. हे काम हलकं करायला कुणी एक्सेलचा मॅक्रो (ठरलेल्या पायऱ्या एका क्लिकवर करणारी नोंद) लावतं, कुणी गुगल शीटला ॲप्स स्क्रिप्ट (गुगलच्या सेवांसाठी लिहिलेला छोटा कोड) जोडतं, कुणी ब्राउझरमध्ये एक बटण बसवतं. दोन महिने सगळं सुरळीत चालतं आणि तिसऱ्या महिन्यात गाडी अडते. मग पहिला संशय कोडवर. कोड बहुतेक वेळा निर्दोष असतो. गोंधळ असतो तो त्याला मिळालेल्या माहितीत, फाइल सेव्ह करण्याच्या पद्धतीत किंवा कुठल्यातरी मर्यादेत. म्हणून तपासायची सुरुवातही तिथूनच करावी.

खोली ३/११ ची तारीख होते

चाळ नंबर, तिरकी रेघ, खोली नंबर अशी लिहायची सवय मुंबईत जुनी आहे. एक्सेलला ती कळत नाही. ३/११ टाइप केलं की तो त्या वर्षातली ३ नोव्हेंबर समजतो, आणि विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची राहिली असेल तर ११ मार्च. १४/३२ मात्र तसाच राहतो, कारण चौदावा महिना नाही आणि बत्तीस तारीखही नाही. म्हणजे एकाच रकान्यात अर्ध्या खोल्या तारखा, अर्ध्या मजकूर. मग व्हीलुकअपला (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा फॉर्म्युला) काही सभासद सापडतात, काही नाही, आणि खापर फुटतं फॉर्म्युल्यावर.

ओळखायची खूण सोपी आहे. मुद्दाम अलाइनमेंट दिलेली नसेल तर मजकूर डावीकडे चिकटतो, तारीख उजवीकडे. इथे हटकून होणारी चूक म्हणजे नंतर रकाना ‘टेक्स्ट’ करणं. २०२५ मध्ये टाइप केलेला ३/११ तसं केल्यावर ४५९६४ दिसू लागतो. एक्सेल तारखा दिवसांच्या मोजणीत साठवतो, ती ही मोजणी. रकाना आधी टेक्स्ट करायचा आणि नंबर त्यानंतर भरायचे. भरून झालं असेल तर नंबर पुन्हा टाइप करा.

सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) डबल-क्लिक करून उघडली की हाच प्रकार न विचारता होतो, आणि नुसती बघायला उघडलेली फाइल सवयीने सेव्ह केली की नुकसान कायमचं. त्यात १६ आकडी खाते क्रमांक असतील तर शेवटचा आकडा शून्य होतो, कारण एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच नेमका असतो. रिकामी वर्कबुक उघडा, ‘डेटा’ टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्या, फाइल ओरिजिन ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ दाबून खोली आणि खात्याचे रकाने टेक्स्ट करा आणि मगच लोड करा. मराठी नावांच्या जागी टोप्या-टिंबं चढवलेली रोमन अक्षरं दिसण्याचा त्रासही त्या ६५००१ ने जातो.

दोन कऱ्हाडे, दिसायला एकच

‘कऱ्हाडे’ मधला अर्धा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर फरक शून्य, पण तुलना करणाऱ्या स्क्रिप्टसाठी ही दोन वेगळी आडनावं. गोऱ्हे, बिऱ्हाडे सगळ्यांची हीच गत. एक्सेलमध्ये ‘सब्स्टिट्यूट’ आणि ‘युनिकार’ ही फंक्शनं जोडून २३५२, २३८१, ८२०५ ही तिकडी (र, हलन्त आणि जोडचिन्ह यांचे युनिकोडमधले क्रमांक) काढायची आणि तिथे २३५३, २३८१ ही जोडी घालायची. त्याहून शहाणपणाचं म्हणजे नावावरून जुळणीच करू नये. खोली क्रमांकावरून करावी. अर्थात तो आधी तारीख झालेला नसावा.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या याद्यांना ही युक्तीही चालत नाही. तिथे मराठी फक्त दिसते, आत रोमन अक्षरंच असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.

लाख-कोटींचा स्वल्पविराम

२५०,००० असं बिल पाहून ज्येष्ठ सभासद हमखास विचारतात, हे अडीच लाख की आणखी काही? त्यासाठी ‘फॉरमॅट सेल्स’च्या ‘कस्टम’मध्ये पुढची ओळ घालतात. आकडे रोमनच ठेवा, देवनागरी चालणार नाहीत:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

यातली उलटी तिरकी रेघ गाळली की सगळं फसतं. ती नसेल तर एक्सेल स्वल्पविरामाला हजारांचा विभाजक समजतो आणि पुन्हा तीन-तीनचे गट पाडतो. दुसरा खड्डा ऋण रकमांचा. आगाऊ भरणाऱ्यांची शिल्लक उणे दिसते आणि उणे अडीच लाख थेट तिसऱ्या भागात जाऊन -250,000 होतात. अशा सेलना कंडिशनल फॉरमॅटिंगचा वेगळा नियम द्या: रक्कम -100000 किंवा त्याहून कमी असेल तर ##\,##\,##0. उणे चिन्ह एक्सेल स्वतः लावतो.

विंडोजच्या ‘रीजन’मधली अंक-गटांची सेटिंग बदलूनही काम होतं, पण ती त्या एकाच संगणकापुरती. शीट ऑडिटरकडे गेली की त्यांच्या सेटिंगप्रमाणे दिसणार. पीडीएफ पाठवत असाल तर हरकत नाही.

रेकॉर्ड केलेला मॅक्रो

रेकॉर्डर सेलचे पत्ते जसेच्या तसे टिपतो. ८४ ओळींवर रेकॉर्ड केलेला मॅक्रो पुढच्या महिन्यात ८६ ओळी आल्या तरी ८४ वरच थांबतो आणि शेवटच्या दोन सभासदांना बिल जात नाही. यादीला आधी ‘टेबल’ करा. ‘यूज रिलेटिव्ह रेफरन्सेस’ हे बटण वेगळ्या कामाचं: जिथे कर्सर आहे तिथून पुढे काम करायचं असेल तेव्हाच ते दाबायचं.

मॅक्रो चालला की कंट्रोल-झेड मागचं काही परत आणत नाही, त्यामुळे आधी फाइलची प्रत काढणं ओघानेच आलं. सेव्ह करताना ‘मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडलं नाही तर एक्सेल एकदा इशारा देतो. घाईत ‘येस’ दाबलं की मॅक्रो गायब. २०२२ पासून ऑफिस इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच अडवतं. फाइल खात्रीची असेल तर राइट-क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘अनब्लॉक’. झिप असेल तर उघडण्यापूर्वी झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर आतल्या प्रत्येक फाइलवर तोच शिक्का.

पन्नासाव्या फ्लॅटनंतर थांबलेले मेल

साध्या जीमेल खात्यातून ॲप्स स्क्रिप्टला दिवसाला १०० प्राप्तकर्त्यांची मर्यादा आहे. मोजणी मेलची नाही, पत्त्यांची. नवरा-बायको दोघांना बिल जात असेल तर ५० फ्लॅटनंतर स्क्रिप्ट थांबते. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालवली की पहिल्या पन्नासांना तेच बिल परत, आणि मग वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचे फोन वाजतात.

यावर उपाय एका रकान्याचा. प्रत्येक मेल गेल्या गेल्या त्या ओळीत बिल क्रमांक लिहायचा आणि पुढच्या वेळी तो क्रमांक जुळला तर ओळ सोडायची. नुसतं ‘पाठवलं’ लिहू नका. पुढच्या महिन्यात कुणालाच बिल जाणार नाही. सगळ्या ओळी संपल्यावर एकदम नोंद करणंही चुकीचं, कारण स्क्रिप्ट मध्येच तुटली तर काहीच नोंदलं जात नाही. एका वेळेच्या धावेला ६ मिनिटांची मर्यादा आहेच.

देय तारीख एक दिवस आधीची छापली जात असेल तर टाइम झोन बघा. शीटचा वेगळा असतो, स्क्रिप्टचा वेगळा. शीट भारतीय वेळेवर आणि स्क्रिप्ट न्यूयॉर्कच्या वेळेवर असेल तर आपली १ एप्रिलची मध्यरात्र तिथे ३१ मार्चची दुपार, अडीच वाजता. शीटच्या ‘फाइल’मधल्या ‘सेटिंग्ज’ आणि स्क्रिप्टच्या ‘प्रोजेक्ट सेटिंग्ज’, दोन्हीकडे कोलकाता ठेवा. रोज ९ चा ट्रिगर (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) ९ ते १० मध्ये केव्हाही चालतो, ही बिघाडाची खूण नाही. आणि फंक्शनचं नाव बदललंत तर जुना ट्रिगर काढून नवा लावा.

ब्राउझरमधली बटणं

बुकमार्कलेट म्हणजे बुकमार्कमध्ये ठेवलेला छोटा कोड. तो ॲड्रेस बारमध्ये पेस्ट केला तर ब्राउझर सुरक्षेसाठी सुरुवातीचा ‘जावास्क्रिप्ट:’ हा भाग कापतो. बुकमार्क तयार करून त्याच्या यूआरएलच्या खणात पेस्ट करा. कोड वर्डमधून किंवा आयफोनच्या नोट्समधून आला असेल तर सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. साध्या नोटपॅडमध्ये बदलून घ्या.

टॅम्परमंकी (वेबपानांवर आपल्या स्क्रिप्ट चालवणारं एक्स्टेन्शन) बसवूनही काहीच चालत नसेल तर क्रोम १३८ पासून एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘अलाउ युजर स्क्रिप्ट्स’ हा वेगळा खटका आहे, तो चालू करावा लागतो. स्क्रिप्ट कुठल्या पानांवर चालेल हे लिहिताना सगळ्या साइटना मोकळं रान देऊ नका. बिलाच्या पानासाठीची स्क्रिप्ट बँकेच्या पानावर धावण्याचं काही कारण नाही.

शॉर्टकट आणि वेळापत्रक

विंडोजवर शॉर्टकट बनवायच्या ऑटोहॉटकी या प्रोग्रामच्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ ठेवली की ,1 टाइप करून स्पेस दिल्यावर पूर्ण वाक्य येतं:

::,1::आपली रक्कम मिळाली. पावती सोबत जोडली आहे.

वाक्याऐवजी कचरा उमटत असेल तर संगणकावर जुनी १.१ आवृत्ती आहे. तिला ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ (फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंगची अदृश्य खूण) लागतं आणि विंडोज १० च्या १९०३ पासून नोटपॅड मुळात बीओएमशिवाय सेव्ह करतो. ‘सेव्ह ॲज’मधून एन्कोडिंग बदला किंवा डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीकडे वळा. पण जुन्या लांबलचक स्क्रिप्ट तिथे जशाच्या तशा चालत नाहीत.

रात्रीचा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) टाकला असेल तर दोन गोष्टी बघा. ‘कंडिशन्स’मध्ये संगणक चार्जरवर असेल तरच चालवायची खूण आधीपासून असते, त्यामुळे चार्जर काढलेल्या लॅपटॉपवर काम सुरूच होत नाही. आणि ‘स्टार्ट इन’ रिकामं सोडलं तर स्क्रिप्ट विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये उभी राहून तुमच्या फाइली शोधते. तिथे सोसायटीच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता भरा, अवतरणचिन्हांशिवाय.