काही सुचत नाहीये? सुगरणीची घरटी बघत बसा

लिहायला काही सुचत नसेल ना तर पावसाळ्यात एखाद्या विहिरीवर जा, जिथे बाभळीची फांदी पाण्यावर झुकलीये आणि सुगरणीची घरटी लटकतायत. मोबाईल सायलेंट. जरा लांबच बसा, पक्षी बिचकतात.

पहिली १० मिनिटं बोअर होईल, होऊ द्या. मग पिवळ्या डोक्याचा एकच नर धरा आणि त्याच्यावरच नजर ठेवा, तो गवताच्या पात्याला चोचीने चीर देतो, लांब पट्टी सोलून आणतो, फांदीला गाठ मारून विणत बसतो, आणि घरटं अर्धं झालं की पंख फडफडवून मादीला बोलावतो, ती येऊन बघते, तिला पसंत पडलं तरच खालची लांब नळी पुरी करतो. नाव सुगरण पण विणतो नर, मला हे अजूनही भारी वाटतं!

आता वही काढा. "सुंदर" वगैरे नको, फक्त दिसलं-ऐकलं तेवढंच, पातं कसं चिरलं, वाऱ्यात घरटं किती हललं. ५ ओळी बास. दुसऱ्या दिवशी परत तिथेच जा, तोच नर बघा. घरी येऊन त्यातली एकच ओळ उचला आणि कविता, चित्र, जे करायचंय ते तिथून सुरू करा.