रिअॅक्शन सेंटरमधला इलेक्ट्रॉन शोधताना या चुका टाळा

गोदावरीचा गाळ बाटलीत भरून, बूच घट्ट लावून खिडकीत ठेवला की काही आठवड्यांत काचेवर जांभळट-तांबूस थर धरतो; तो प्रकाशावर जगणाऱ्या जांभळ्या जीवाणूंचा. त्यांच्यातलं रिअॅक्शन सेंटर, म्हणजे प्रकाश पडताच इलेक्ट्रॉन सोडणारं प्रथिन, हा इथला विषय. नाशिकमध्ये त्याची गोडी अनेकांना अशीच लागते, आणि पहिली चूकही इथेच होते. या जीवाणूंच्या पेशी कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषतात ते दाखवणाऱ्या आलेखात, म्हणजे स्पेक्ट्रममध्ये, ८०० आणि ८५० नॅनोमीटरला ठळक शिखरं दिसली की वहीत ‘रिअॅक्शन सेंटर’ अशी नोंद होते. बहुतेक वेळा ती शिखरं प्रकाश गोळा करणाऱ्या एलएच-२ प्रथिनाची असतात. इलेक्ट्रॉन तिथून सुटत नाही.

रोडोबॅक्टर स्फेरॉइडिस या जांभळ्या जीवाणूचं शुद्ध केलेलं रिअॅक्शन सेंटर ७६०, ८०२ आणि ८६५ नॅनोमीटरला अशी तीन शिखरं दाखवतं. मधलं शिखर बाजूच्या दोन्हींच्या साधारण दुप्पट उंच असतं. २८० (इथे सगळीच प्रथिनं शोषतात) आणि ८०२ यांच्या शोषणाचं गुणोत्तर १.३ च्या वर गेलं, तर नमुन्यात परकी प्रथिनं उरली आहेत. १९८८च्या नोबेलमुळे गाजलेली रिअॅक्शन सेंटरची रचना मात्र दुसऱ्या जीवाणूची, व्हिरिडिसची. त्याची मुख्य पट्टी ९६०ला येते. तिचे आकडे इथे लावू नका.

आता माझी चूक सांगते. माझ्या पहिल्या नमुन्यात ८६५चं शिखर नावापुरतंच होतं. दोन आठवडे मी शुद्धीकरणाला दोष देत बसले. दोष उपकरणाच्या निवडीत होता: डायोड-अॅरे उपकरणात दिव्याचा सगळा पांढरा प्रकाश एकदम क्युवेटवर पडतो. त्या प्रकाशानेच खास जोडीतला, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या दोन बॅक्टेरिओक्लोरोफिल (जीवाणूंचं हरितद्रव्य) रेणूंमधला इलेक्ट्रॉन सुटून क्विनोनपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रॉन स्वीकारणाऱ्या रेणूपर्यंत, जात होता. केंद्रात असे दोन क्विनोन एकापाठोपाठ असतात. दुसऱ्या क्विनोनवर पोहोचलेला इलेक्ट्रॉन परतायला सुमारे एक सेकंद लागतो, त्यामुळे जोडी बहुतांश वेळ रिकामीच सापडायची. मी मोजत होते ती अंधारातली स्थिती नव्हतीच. मोनोक्रोमेटर, म्हणजे एकच तरंगलांबी निवडणारा भाग, नमुन्याच्या आधी असलेलं उपकरण घ्या, प्रकाश मंद ठेवा, आणि काही मिनिटं अंधारात ठेवून पुन्हा मोजा. टर्बुट्रिन हे तणनाशक घातलं तर दुसऱ्या क्विनोनची वाट बंद होते आणि परतीचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो.

नाशिकचा एप्रिल आणि मध्येच गेलेली वीज यांची जोडी या प्रथिनाला मानवत नाही. एलडीएओ (प्रथिन पटलातून विरघळवून काढणारा डिटर्जंट) जास्त झालं किंवा नमुना तापला, की ८०२ आणि ८६५ खाली येतात आणि ७६०च्या बाजूला शोषण वाढतं. असा नमुना सुधारत नाही, टाकून द्या. बर्फ आणि काळा कागद आधीच हाताशी ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक अर्थ लावताना होते. प्रकाश पडल्यावर ८६५ खाली जातं आणि ८०० जवळची पट्टी सरकते. ती सरकली म्हणून इलेक्ट्रॉन शेजारच्या बॅक्टेरिओक्लोरोफिलवर गेला, असा निष्कर्ष काढू नका. जोडीवर आलेल्या धनभाराच्या विद्युतक्षेत्रामुळे शेजाऱ्याचं शोषण हलतं, एवढंच ते सांगतं. जोडीच्या दोन भागांत उरलेला एकटा इलेक्ट्रॉन कसा वाटला गेला आहे, हे साधा शोषण-स्पेक्ट्रम सांगत नाही. त्यासाठी ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात मायक्रोवेव्ह वापरून एकटा इलेक्ट्रॉन टिपणारी पद्धत) आणि त्याहून बारीक, इलेक्ट्रॉनचा जवळच्या अणुकेंद्रकांशी संबंध मोजणारं एन्डॉर लागतं.

एकट्या बॅक्टेरिओक्लोरोफिलच्या धन आयनाची ईपीआर रेषा सुमारे १३ गॉस रुंद असते. इलेक्ट्रॉन दोघांत समान वाटला, तर ती रुंदी √२ ने भागली जाते: ९.२ गॉस. वाटणी २:१ असेल तर सुमारे ९.७. एन्डॉरने स्फेरॉइडिसमध्ये दाखवलेली वाटणी याच दुसऱ्या प्रकारची आहे, एल नावाच्या प्रथिन-साखळीच्या बाजूच्या भागावर जास्त. म्हणजे समान आणि असमान यांत फरक फक्त अर्ध्या गॉसचा! मॉड्युलेशन (मोजताना चुंबकीय क्षेत्राला दिलेलं छोटं हेलकावणं) थोडं जास्त ठेवलंत किंवा मायक्रोवेव्हची शक्ती वाढवलीत, तर रेषा तेवढी सहज फुगते आणि तुम्ही फुगलेल्या रेषेवरून वाटणी ठरवता. मॉड्युलेशन रेषेच्या रुंदीच्या तुलनेत बरंच लहान ठेवा. सिग्नलची उंची शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढत आहे ना, हे थंड नमुन्यात तर नक्कीच तपासा. आणि केवळ रुंदीवरून वाटणीचा आकडा छापू नका. तो आकडा एन्डॉरचा हवा.

आपल्याकडून नमुना ईपीआरसाठी मुंबईला न्यायचा तर पंचवटी एक्स्प्रेसचा प्रवास आलाच. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि नळीभोवती फॉइल. नमुना नेमका उजेडात गोठला की अंधारात, हे लिहून ठेवा. उजेडात गोठलेल्या नमुन्यात सुटे झालेले भार तसेच अडकून राहू शकतात, आणि मग ‘अंधारातला’ सिग्नल कुठून आला याचा उलगडा होत नाही.

शेवटचं, क्विनोनचा सिग्नल दिसत नाही म्हणून इलेक्ट्रॉन तिथे पोहोचलाच नाही, असं लिहू नका. क्विनोनजवळच्या लोहाच्या आयनाशी जुळल्यामुळे तो सिग्नल इतका रुंद होतो की पार्श्वभूमीत हरवतो. ईपीआरमध्ये रेषेची जागा सांगणाऱ्या जी-मूल्याच्या २.००२६ जवळची ठळक रेषा जोडीची असते. क्विनोनवरचा इलेक्ट्रॉन स्पष्ट पाहायचा असेल, तर लोहाच्या जागी जस्त बसवलेलं केंद्र तयार करावं लागतं.