झेडएफएसवर रोजचा बॅकअप: पूर्ण कॉपी एकदाच, मग फक्त फरक

झेडएफएस म्हणजे डिस्कवर फाइली ठेवणारी फाइल सिस्टीम. समजा टँक नावाचा पूल (डिस्क एकत्र करून केलेला साठा) आहे, त्यात फोटो नावाचा डेटासेट (पूलमधला फोल्डरसारखा भाग), आणि यूएसबीच्या डिस्कवर बॅकअप नावाचा वेगळा पूल. वेगळी डिस्क हवीच, कारण स्नॅपशॉट, म्हणजे डेटासेटची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, त्याच पूलमध्ये राहतो, पूल गेला की तोही गेला. नुसते स्नॅपशॉट घेऊन बॅकअप झाला म्हणणारे खूप भेटतात.

पहिल्या दिवशी 'झेडएफएस स्नॅपशॉट टँक/फोटो@सोम'. क्षणात होतो, कारण झेडएफएस वापरात असलेल्या ब्लॉकवर लिहीतच नाही, बदल नव्या जागी जातो आणि स्नॅपशॉट जुने ब्लॉक धरून बसतो (मोठे व्हिडिओ उडवूनही जागा मोकळी होत नाही ती यामुळेच). मग 'झेडएफएस सेंड टँक/फोटो@सोम' पाइप करून 'झेडएफएस रिसीव्ह बॅकअप/फोटो' ला द्यायचं. हे पूर्ण जातं, रात्री लावून झोपा.

आता लगेच बॅकअप/फोटोवर रीडओन्ली ऑन करा. हे करायचं राहून गेलं आणि बॅकअपवर काही बदललं की पुढच्या वेळी डेस्टिनेशन मॉडिफाइड झालंय म्हणून एरर येते, मग लोक रिसीव्हला मायनस कॅपिटल एफ लावतात, आणि ते तिकडचे बदल न विचारता पुसून टाकतं.

दुसऱ्या दिवशी @मंगळ घ्या आणि सेंड करताना 'मायनस आय @सोम' द्या, फक्त मधला फरक जातो. मधले सगळे स्नॅपशॉटपण हवे असतील तर कॅपिटल आय. आधी मायनस एन व्ही लावलं तर काही न पाठवता अंदाजे साइज कळते, मी नेहमी बघतो.

सगळी मेख इथे आहे: दोन्हीकडे कॉमन असलेला शेवटचा स्नॅपशॉट उडवायचा नाही. क्लीनअप स्क्रिप्टने तो उडवला की फरक काढायला आधारच उरत नाही, पुन्हा पूर्ण सेंड. त्यावर 'झेडएफएस होल्ड' लावा, डिलीटच होणार नाही. टँकवर जागा कमी असेल तर त्याचा बुकमार्क (स्नॅपशॉटची नुसती खूण) करून ठेवा, मग टँकवरचा स्नॅपशॉट उडवला तरी चालतो, कारण बुकमार्क डेटा धरत नाही तरी मायनस आयला पुरतो. बॅकअपवरचा मात्र ठेवायलाच लागतो.

डिस्क काढण्याआधी 'झेडपूल एक्स्पोर्ट बॅकअप'. आणि एखादीच फाइल परत हवी असेल तर रिस्टोअरच्या भानगडीत पडू नका, डेटासेटमध्ये डॉट-झेडएफएस/स्नॅपशॉट फोल्डर असतो, लिस्टमध्ये दिसत नाही पण सीडी (फोल्डरमध्ये जायची कमांड) केलं की उघडतो, तिथून सरळ कॉपी करा.