जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताय? आधी क्रम लावून घ्या

जपानच्या सरकारी शाळेतल्या परदेशी इंग्रजी शिक्षकाला ‘एएलटी’ म्हणतात. वर्ग जपानी शिक्षकाचा, आपण जोडीला. ही नोकरी सरकारी जेट योजनेतून लागते, गावच्या शिक्षण मंडळाकडून थेट लागते, नाहीतर माणसं पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून कंपन्यांची बहुतेक माणसं मार्चअखेर जपानात उतरतात. जेटची बरीचशी जुलै-ऑगस्टमध्ये.

नव्या माणसाची पंचाईत होते ती बहुतेक वेळा कामांचा क्रम चुकल्यामुळे. पत्ता नोंदवल्याशिवाय फोन मिळत नाही, फोन नंबराशिवाय बँक खातं उघडत नाही आणि खात्याशिवाय पगार जमा होत नाही. ही साखळी सरळ लावली तर दोन आठवड्यांत सगळं मार्गी लागतं.

निघण्याआधी

शाळेत शिकवायला ‘इन्स्ट्रक्टर’ दर्जाचा व्हिसा लागतो आणि त्यासाठी सहसा बारा वर्षं इंग्रजीतून शिक्षण झाल्याचा पुरावा मागतात. त्यामुळे शाळा आणि कॉलेज दोन्हीकडून ‘शिक्षणाचं माध्यम इंग्रजी’ असं स्पष्ट लिहिलेले, वर्षांसकटचे दाखले घ्या. नुसत्या गुणपत्रिकांवर काम भागत नाही. मराठी माध्यमातून दहावी झालेल्यांनी हिशेब आधीच मांडावा: अकरावी-बारावीची दोन, पदवीची तीन, एम.ए.ची दोन, बेरीज सात. त्यांनी एइकाइवा, म्हणजे खासगी संभाषणवर्गांच्या नोकऱ्या बघाव्यात. त्यांचा व्हिसा वेगळ्या दर्जाचा असतो आणि मुख्य अट पदवीची असते.

औषधांच्या बाबतीत हयगय नको. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्याची आणि साधी औषधं दोन महिन्यांची नेता येतात. त्याहून जास्त न्यायची तर आधी परवानगी काढावी लागते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या बॅगेत ठेवूच नका. ताजा कढीपत्ता, आंबे, बियाणं हेही तपासणीत अडकतं. पाकीटबंद मसाल्यांची पूड सहसा अडत नाही.

मिक्सर घरीच ठेवा. जपानात वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. कुकर जरूर न्या, पण स्टीलचा, इंडक्शनच्या तळाचा. भाड्याच्या लहान खोल्यांत बरेचदा इंडक्शन शेगडीच असते आणि तिच्यावर साधा ॲल्युमिनियमचा कुकर गरमच होत नाही.

कंपनीचा पगार महिन्याला सव्वादोन ते अडीच लाख येनच्या आसपास असतो आणि बऱ्याच ठिकाणी एप्रिलचा पगार मे महिन्याच्या अखेरीस हातात पडतो. घर कंपनीनं लावून दिलं तरी तीन-साडेतीन लाख येन जवळ हवेत. घर स्वतः घेतलं तर अनामत, मालकाला द्यायचं परत न मिळणारं ‘रेइकिन’, दलाली आणि हमी कंपनीचं शुल्क मिळून सुरुवातीलाच चार-पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम जाते. शाळेच्या सुट्टीत, म्हणजे ऑगस्टमध्ये, पूर्ण पगार मिळतो की कापून, हे करारात वाचा. भारतातल्या सिमचं रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या, नाहीतर इथल्या बँकेचा ओटीपी तिकडे येणार नाही आणि स्वतःचेच पैसे बघत बसावं लागेल.

नाव एकदाच ठरवा

पासपोर्टवर आडनाव ‘जोशी’ आणि नाव ‘स्नेहा प्रकाश’ असेल, तर जपानी कागदांवर वडिलांच्या नावासकट ते सगळं येतं, आडनाव आधी. त्याशिवाय प्रत्येक फॉर्मवर ते काताकाना लिपीत लिहावं लागतं आणि त्या लिपीत ल, ळ, र यांना मिळून एकच अक्षर आहे. बँकेत एका तऱ्हेनं आणि शाळेत दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलंत, तर पगार ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत जातो. काताकानातलं स्पेलिंग एकदा कुणा जाणकाराकडून ठरवून घ्या, चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि सगळीकडे तेच उतरवा.

जोशी मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं: जपानीत ‘जोशी’ म्हणजे मुलगी किंवा मुलींचा गट. पुरुष शिक्षकानं ‘मी जोशी’ म्हटलं की वर्गात खसखस पिकते. त्यापेक्षा पहिल्या नावानं ओळख दिलेली बरी.

पहिले चौदा दिवस

नारिता, हानेदा, चुबू किंवा कान्साई विमानतळावर उतरलात तर झाइर्यू कार्ड, म्हणजे निवासपत्र, तिथेच हातात मिळतं. ते कायम अंगावर हवं. जवळ नसलं तर दोन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. राहत्या घरी गेल्यापासून १४ दिवसांच्या आत शियाकुशोत (नगरपालिका, लहान गावात याकुबा) पत्ता नोंदवायचा. कार्डाच्या मागे तो पत्ता छापून मिळतो आणि पुढची सगळी दारं त्या छापामुळे उघडतात. त्याच फेरीत आरोग्य विमा आणि पेन्शनची खिडकी गाठा (कंपनीनं तुम्हाला शाकाई होकेनमध्ये, म्हणजे नोकरदारांच्या विमा-पेन्शन योजनेत, घेतलं असेल तर ही कामं तीच करते) आणि जूमिन्ह्योच्या, म्हणजे रहिवासी दाखल्याच्या, दोन-तीन प्रती घेऊन ठेवा. एकीला २००-३०० येन पडतात.

बारा आकडी ‘माय नंबर’, म्हणजे रहिवाशाचा सरकारी ओळख क्रमांक, पोस्टानं येतो. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि पुन्हा शियाकुशोच्या खेपा होतात. घरात शिरल्या दिवशी पेटीवर काताकानात नाव चिकटवा.

मग फोन. दुकानात रोखीनं बिल भरता येणारं सिम घ्या, कारण मोठ्या कंपन्या जपानी बँक खातं किंवा कार्ड मागतात आणि ते अजून झालेलं नसतं. सगळ्यात शेवटी बँक. येऊन सहा महिने झाले नाहीत म्हणून अनेक बँका खातं नाकारतात. पोस्टाच्या युचो बँकेत काम होण्याची शक्यता जास्त. जाताना झाइर्यू कार्ड, पासपोर्ट आणि नोकरीचा करार न्या. आडनावाचा काताकानातला शिक्काही करून घ्या. बँकेत आता सही चालते, पण बऱ्याच शाळांच्या हजेरीपटावर रोज सकाळी शिक्काच मारतात.

रिकाम्या घरात दिवे, पडदे नसतात, कधीकधी शेगडीही नसते. वीज आणि पाणी फोनवर सुरू होतं. गॅस मात्र माणूस येऊन, तुमच्या समोर तपासून चालू करतो. त्याची वेळ आधीच ठरवली नाही, तर पहिले दोन दिवस गार पाण्यानं अंघोळ करावी लागेल. मार्चअखेरच्या थंडीत ते सोपं नाही.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. जळणारा कचरा सहसा आठवड्यातून दोनदा, सकाळी आठच्या आत. अनेक नगरांत नगरानं ठरवून दिलेल्या पिशवीतच. रात्री ठेवलात तर कावळे फाडतात आणि शेजारीण पाहून ठेवते. पाण्याच्या बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली विसळायची, मग वेगळ्या दिवशी ठेवायची. चुकलं तर पिशवीवर चिठ्ठी चिकटते आणि पिशवी तिथेच राहते. शेजारी तोंडावर काही बोलत नाहीत. तक्रार घरमालकाकडे, तिथून कंपनीकडे आणि मग तुमच्याकडे येते.

शाळेत

पायातल्या चपलांपासून सुरुवात. शाळेत आतले जोडे वेगळे असतात, उवाबाकी. रबरी तळाचे, बाहेर एकदाही न घातलेले बूट न्या. पुरुषांना २८ सेंटिमीटरच्या आणि बायकांना २५ सेंटिमीटरच्या पुढचं माप दुकानात मिळणं कठीण, म्हणून मोठा पाय असेल तर भारतातूनच आणा.

शाळेचं खरं केंद्र शिक्षकखोली, शोकुइन्शित्सु. तिथे सगळ्यांची टेबलं एकत्र असतात आणि उपमुख्याध्यापकांची नजर सगळ्यांवर. आत येताना मोठ्यानं ‘ओहायो गोझाइमास’ आणि इतरांच्या आधी निघताना ‘ओसाकी नी शित्सुरेई शिमास’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघतोय, माफ करा’. एवढं रोज न चुकता म्हणणाऱ्याला पुढे बरंच काही माफ होतं. मान मात्र सावरा. आपण ‘हो हो’ म्हणत ती आडवी हलवतो ती जपान्यांना ‘नाही’ किंवा ‘खात्री नाही’ अशी दिसते. सरळ खाली झुकवायची.

जोडीच्या शिक्षकाला चर्चेला वेळ नसतो. दोन तासांच्या मधे दहाच मिनिटं असतात. अर्ध्या कागदावर तीन प्रश्न लिहून आदल्या दिवशी त्यांच्या टेबलावर ठेवा: कोणतं पान, कोणतं वाक्य शिकवायचं, मी काय करू? उत्तर बहुधा तीन शब्दांचं येतं, पण ते पुरतं. न विचारता वर्गात गेलात की पन्नास मिनिटं कोपऱ्यात उभं राहून ‘रिपीट आफ्टर मी’ म्हणत राहता. नवे एएलटी जी सर्वांत जास्त तक्रार करतात, ती हीच.

प्राथमिक शाळेचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण मिळणारा विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास आणि तिथे भर खेळ-गाण्यांवर. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वर्गात तीच स्वतःची ओळख पुन्हा पुन्हा करून द्यायची. त्यासाठी ए-थ्री आकाराचे आठ-दहा फोटो छापून न्या, प्रोजेक्टरच्या भरवशावर राहू नका. ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटलं की शांतता पसरते. लाज नसते ती, एकट्यानं उठून बोलायची सवय नसते. आधी ‘शेजाऱ्याशी तीस सेकंद बोला’ म्हणा आणि मग जोडीला विचारा, हात वर येतात. भारतीय म्हटलं की पाढ्यांचा विषय निघतोच. तिथे समज आहे की आपण १९ गुणिले १९ पर्यंत पाठ करतो. एकोणतीसचा पाढा खडखडीत म्हणून दाखवलात तर महिनाभर नाव निघतं. आणि मुलांची नावं देवनागरीत लिहून द्या. देवळांमध्ये आणि स्मशानातल्या फळ्यांवर दिसणारी बोन्जी लिपी याच घराण्यातली, म्हणून मोठ्या माणसांनाही तिचं अप्रूप असतं.

वही तपासताना एक घोळ हमखास होतो. आपण बरोबर उत्तराला टिक करतो. जपानात टिक म्हणजे चूक, आणि बरोबरला लाल गोल, ‘मारु’. पूर्ण पानावर प्रेमानं टिका मारल्यात तर मुलगी रडत घरी जाते. लाल शाईनं मुलाचं नावही लिहू नका; ते अशुभ मानतात. फळ्यावर जोडाक्षरी कर्सिव्ह टाळा, अक्षरं सुटी आणि ठसठशीत हवीत.

उच्चारांबाबत अमेरिकन नक्कल करायची गरज नाही. आपला खड्डा ‘व’चा आहे: आपण ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ एकच म्हणतो आणि जपानी मूल त्यातल्या पहिल्याचा ‘बेस्ट’ करतं. आरशासमोर वरचे दात खालच्या ओठाला टेकवून सराव करा आणि मुलांनाही तसंच तोंड दाखवा. त्यांचा खड्डा वेगळा: ‘डेस्क’चं ‘देसुकु’, ‘मिल्क’चं ‘मिरुकु’. ‘डेस्क’ला एकच टाळी वाजवायला लावा. तीन टाळ्या वाजल्या की चूक त्यांची त्यांनाच ऐकू येते. समजावत बसावं लागत नाही.

क्यूशोकु, म्हणजे शाळेचं जेवण, मुलांबरोबर बसून खायचं असतं आणि त्याचे पैसे पगारातून किंवा रोख जातात. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि डबा न्या. ‘भाजीचं सूप’ शाकाहारी नसतं, त्यात दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातला मूळ रस्सा, असते आणि दाशी सहसा माशाची. दुकानातल्या जपानी करीच्या वड्यांत गाई-डुकराची चरबी असते, पाकीट वाचून घ्या. मसाले, डाळी टोक्योत शिन-ओकुबोला आणि निशी-कासाईला मिळतात. निशी-कासाईचा एदोगावा वॉर्ड तर भारतीयांचा. २०१९ मध्ये तिथल्या वॉर्ड सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. दूर गावी असाल तर ऑनलाइन मागवा.

जपानी शिकायला आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं जातं. ‘वाताशी वा गाक्को नी इकिमास’ म्हणजे ‘मी शाळेला जातो’, शब्द त्याच क्रमानं. ‘त्सु’ म्हणताना ‘चमचा’मधला च लावा, ‘चार’मधला नको.

दुसऱ्या वर्षाचा जून

पहिल्या वर्षी खिसा बरा भरलेला वाटतो, कारण जूमिनझेई, म्हणजे निवास कर, मागच्या वर्षीच्या जपानी कमाईवर लागतो आणि ती तेव्हा नसते. नगराच्या आरोग्य विम्याचा हप्ताही त्यामुळेच कमी असतो. दुसऱ्या वर्षी जूनपासून दोन्ही अंगावर येतात. पहिल्या पगारापासून महिन्याला दहा हजार येन बाजूला टाकले तर कराचं साधारण भागतं. १ जानेवारीला जपानात राहत असाल तर त्या वर्षीचा कर लागतोच, म्हणून मार्चमध्ये करार संपवून परतणाऱ्यांनाही तो चुकत नाही. निघण्याआधी शियाकुशोत जाऊन तुमच्या वतीनं भरणा करणारा प्रतिनिधी नेमून द्या, नाहीतर बिल रिकाम्या घराच्या पत्रपेटीत पडून राहतं.