पेढे नंतर वाटा, आधी विकल्प द्या: सरकारी नोकरांनो, या चुका टाळा

आठव्या वेतन आयोगाचं कॅल्क्युलेटर मला आतापर्यंत निदान चाळीस जणांनी पाठवलं असेल. मूळ वेतन टाका, गुणक टाका, नवा पगार बघा. बघून घ्या, हरकत नाही. फक्त एवढं ध्यानात असू द्या की तो आयोग केंद्राचा आहे. राज्य आपली समिती नेमतं, आपले नियम काढतं, मग आपल्या पगारात फरक पडतो. सातवा आयोग आपल्याला १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, पण मध्ये राज्याने नेमलेली बक्षी समिती बसली आणि प्रत्यक्ष पगारात यायला २०१९ उजाडलं. थकबाकीही पाच हप्त्यांत. तेव्हा कॅल्क्युलेटरच्या भरवशावर फ्लॅटचा हप्ता ठरवू नका.

मी तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बावीस आस्थापना शाखेच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांचे पगार-पदोन्नतीचे कागद बघणाऱ्या शाखेच्या, टेबलावर. थोडी सांगलीत, बाकी साताऱ्यात. मोर्चाला मीही गेलेय, घोषणाही दिल्यात. पण माझ्या टेबलावर आलेल्या दहा तक्रारींतल्या सात-आठ अशा असायच्या, की मंत्रालयाने पैसे दिलेले होते आणि माणसाने स्वतःच ते कागदावर सांडले होते. निवृत्त झाल्यावरही फोन थांबले नाहीत आणि चुकाही त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

पदोन्नतीचा विकल्प

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पदोन्नतीचा आदेश आला की माणूस आधी कंदी पेढे आणतो. मग सत्कार, मग नव्या ठिकाणी खोली बघायची, मुलांच्या शाळेचे दाखले. या धावपळीत महिना निघून जातो, आणि नेमका तोच महिना विकल्प द्यायचा असतो. वेतन पदोन्नतीच्या तारखेपासून निश्चित करायचं की खालच्या पदावरच्या पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, हे तुम्ही लेखी कळवायचं असतं. नाही कळवलं तर कार्यालय पदोन्नतीची तारीख धरतं आणि मोकळं होतं.

फरक किती पडतो ते आकड्यात बघा. लिपिक, स्तर (म्हणजे वेतनाच्या तक्त्यातला रकाना) एस-६, मूळ वेतन २८,४००. वेतनवाढ १ जुलैला. १२ मार्चला वरिष्ठ लिपिक म्हणून पदोन्नती, स्तर एस-८. विकल्प दिला नाही तर एस-६ मध्ये एक वेतनवाढ धरायची, २९,३००, आणि एस-८ मध्ये तेवढा किंवा त्याच्या लगत वरचा आकडा शोधायचा: २९,६००. विकल्प दिला तर १२ मार्चपासून एस-८ मधला लगत वरचा आकडा, म्हणजे २८,७००. इथे लोक घाबरतात, ‘अहो, नऊशे कमी झाले की!’ जुलैपर्यंत थांबा. १ जुलैला एस-६ मध्ये नेहमीची वेतनवाढ, २९,३००, त्यावर पदोन्नतीची, ३०,२००, आणि एस-८ मध्ये ३०,५००. साडेतीन महिने नऊशे सोसले आणि जुलैपासून नऊशे वर गेलात. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे, पुढे पेन्शनचा हिशेब.

आमच्याकडच्या एका लिपिकाचं गणित जवळपास हेच होतं. त्याच आदेशातला त्याचा जोडीदार पाटणहून मुद्दाम येऊन विकल्पाचा अर्ज देऊन गेला, आवक क्रमांक टाकून घेतला. हा मात्र फलटणला हजर झाला आणि विसरला. पाच वर्षांनी दोघांनी कुठल्याशा लग्नात पगारपत्रकं ताडून पाहिली. सोमवारी सकाळी स्वारी माझ्या टेबलापुढे हजर. ‘मॅडम, मी तोंडी सांगितलं होतं की!’ कुणाला? ‘त्या पवारांच्या जागी बसायचे त्यांना.’ ते गृहस्थ केव्हाच बदलून गेलेले. मी त्याची नस्ती पानन् पान उलटली. पदोन्नतीचा आदेश होता, हजर अहवाल होता, कार्यमुक्तीचं पत्र होतं, रजेचे चार अर्ज होते. विकल्प नव्हता. कनिष्ठ जोडीदाराला आपल्याहून जास्त वेतन मिळतंय म्हणून वाढवून द्या, असाही अर्ज त्याने केला. फरक विकल्पामुळे पडला आहे, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

नेहमी विकल्पच फायद्याचा, असंही समजू नका. जुलैच्या शेवटी पदोन्नती झाली असेल तर पुढच्या जुलैपर्यंत अकरा महिने कमी पगारावर बसणं बहुतेकदा परवडत नाही. मी काय करायचे सांगते: आदेश हातात आला की त्याच दिवशी पाठकोऱ्या कागदावर दोन रकाने पाडायचे, दोन्ही तारखांनी चोवीस महिन्यांचं मूळ वेतन लिहून काढायचं आणि बेरीज करायची. वीस मिनिटांचं काम. ‘मॅडम, तुम्हीच सांगा कुठला घेऊ’ म्हणून फोन करणाऱ्यांना मी आता हेच सांगते. वीस मिनिटं स्वतःच्या पगारासाठी नसतील, तर आयुष्यभराची तक्रार मला ऐकवू नका.

आणि अर्जाची पोच. शिक्का, आवक क्रमांक, तारीख. टेबलावर ठेवून आलो म्हणजे अर्ज दिला असं होत नाही.

सेवापुस्तक निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदा बघणं

हसू नका, निम्मे लोक असेच आहेत. सेवापुस्तक म्हणजे तुमच्या सगळ्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक; त्यात वर्षाला एकदा सही करायची असते. लोक करतातही, शिपाई पुस्तक उघडून बोट ठेवेल तिथे.

ऑगस्ट २०१९ चा पूर. मी तेव्हा सांगलीत होते. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. आमचं कार्यालय तळमजल्यावर, आणि सेवापुस्तकांचा रॅक अर्थातच खालून पहिला, कारण वरच्या रॅकवर नव्या खुर्च्यांची खोकी होती. पाणी उतरल्यावर कुलूप उघडलं तेव्हाचा वास अजून आठवतो. दप्तरं फुगून दुप्पट झालेली. आम्ही सुतळ्या बांधून पानं वाळत घातली, पंखे लावले. बॉलपेनच्या नोंदी बऱ्यापैकी वाचल्या. शाईपेनच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या नेमणुकीच्या, पहिल्या वेतननिश्चितीच्या, जन्मतारखेच्या पानावरच्या, निळ्या डागांखेरीज काही उरलं नाही.

मग सुरू झालं पुनर्बांधणीचं काम. कुणाचा नेमणूक आदेश शोध, कुणाची जुनी देयकं कोषागारातून काढ, कुणाच्या जुन्या कार्यालयाला पत्र लिही आणि उत्तराची वाट बघ. काहींचं दीड वर्ष चाललं. सगळ्यात आधी पूर्ण झालं ते आमच्या जतच्या शिपायाचं. दुष्काळी तालुक्यातला माणूस. त्याने दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे पुस्तकाची दुसरी प्रत, घरी, खताच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून, ट्रंकेत, माळ्यावर ठेवलेलं. दर वर्षी नोंदी उतरवून, साहेबांची सही घेऊन. मी विचारलं, एवढी काळजी कशापायी? म्हणाला, ‘बाई, आमचा वाली म्हणून कुणी साहेब न्हाई, कागदच हाय.’ तीन आठवड्यांत त्याचं पुस्तक तयार.

माझी सवय अशी: जुलैची वेतनवाढ पगारात दिसली की ऑगस्टमध्ये पुस्तक मागायचं. चार गोष्टी बघायच्या. वेतनवाढीची नोंद आणि पगारपत्रकातलं मूळ वेतन जुळतंय का, मागच्या वर्षाची सेवा पडताळणी लिहिली आहे का, रजेचा हिशेब बरोबर आहे का, परीक्षा आणि संगणक प्रमाणपत्राची नोंद आहे का. मग मोबाईलवर पानांचे फोटो. मोबाईलला मी आयुष्यभर शिव्या दिल्या, पण या कामाला तो उत्तम.

हे न केल्याचा फटका वेतन पडताळणीत बसतो. आपल्या भागाची पुस्तकं पुण्याच्या पथकाकडे जातात. तिथे लाल शाईचा शेरा पडला की दहा-पंधरा वर्षांपूर्वीची चूक आज वसुली होऊन येते. अशा वेळी लोक ‘रफिक मसीह’ निकाल फडकवतात. सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा तो निकाल खरा आहे: वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, तसंच पाच वर्षांहून जास्त काळ चुकून दिलेल्या रकमेची वसुली करू नये. पण २०१६ च्या जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलं की जादा रक्कम परत करीन असं हमीपत्र दिलं असेल तर ते बांधील आहे. वेतननिश्चितीच्या वेळी न वाचता सही केलेला तो कागद आठवतोय का? तोच.

बाकीच्या, थोडक्यात

दहा-वीस-तीसचा लाभ, म्हणजे सेवेची तेवढी वर्षं झाल्यावर मिळणारा वरचा वेतनस्तर, आपोआप येत नाही. २ मार्च २०१९ च्या निर्णयाने तीन लाभ मिळाले, पण त्या तिनांत तुमची खरी पदोन्नतीही मोजली जाते. ‘पदोन्नती दोन झाल्या, आता तीन लाभ वेगळे द्या’ असा अर्ज माझ्याकडे येऊन गेलाय. आणि पदोन्नती नाकारलीत तर हा लाभही अडकतो. गाव सुटत नाही म्हणून नकार लिहून देणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

सांगलीहून साताऱ्याला बदली झाली की घरभाडे भत्ता निम्मा होतो. या भत्त्यासाठी गावांचे तीन वर्ग आहेत; सांगली मधल्या वर्गात, सातारा शेवटच्या. दर २०१९ साली १६ आणि ८ टक्के होते, महागाई भत्त्याबरोबर ते वाढतात, पण प्रमाण दुपटीचंच. जुन्या कार्यालयाने दिलेल्या अंतिम वेतन प्रमाणपत्रावरून जुना दर तसाच उचलला गेला की काही महिने पार्टी आणि मग वसुली. पहिलं पगारपत्रक नीट बघा.

सेवाज्येष्ठता यादी प्रारूप असतानाच हरकत घ्या. अंतिम झाल्यावर चहाच्या टपरीवर घेतलेल्या हरकतीची आवक नोंद होत नाही.

गोपनीय अहवालाची प्रत मागा. प्रत्येक शेरा कळवला पाहिजे असं देव दत्त प्रकरणात २००८ सालीच ठरलंय. साहेबांना राग येईल म्हणून न मागणारे पदोन्नती समितीच्या बैठकीनंतर रडतात.

मत्ता व दायित्वाचं, म्हणजे मालमत्ता आणि कर्जाचं, विवरण वेळेत द्या. कंटाळवाणं आहे, मान्य.

शासन निर्णय ग्रुपवर आला की त्याच्या शेवटी दिलेला सांकेतांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकून बघा. नवीन भरतीतल्या पोरांना हे सांगितलं की ‘मॅडम, तुम्हीच लिंक टाका ना’. नाही टाकणार. त्याच पोरांपैकी एकाने भलत्याच विभागाचा निर्णय जोडून अर्ज केला आणि वर ‘तातडीचे’ असं लाल पेनाने लिहिलं.

अर्जावर अर्ज करत वर्षं घालवू नका. मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायला साधारण एक वर्षाची मुदत असते आणि स्मरणपत्रांनी ती वाढत नाही. जिल्हा परिषदेच्या लोकांना मॅट नाही, त्यांना उच्च न्यायालयच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा-सांगलीकरांची मुंबईची रात्रीची गाडी तेवढी वाचली.

शेवटचं, ३० जूनला निवृत्त झालेल्यांसाठी. वर्षभर काम करून १ जुलैची वेतनवाढ एका दिवसाने हुकायची. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ती द्यायला लावली, मग राज्यानेही पेन्शनसाठी काल्पनिक वेतनवाढ मान्य केली. ज्यांना मिळालेली नाही त्यांनी जुन्या कार्यालयाकडे अर्ज करावा. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघांनी अजून केलेला नाही. परवा राजवाड्यावर भेटले होते. होईल म्हणाले आपोआप.